अर्जदार नसलेला वारसा

महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विकासकामांची यादी तयार होते, तेव्हा तिचे रकाने ठरलेले असतात. अनुक्रमांक, कामाचे नाव, ठिकाण, अंदाजित रक्कम, शेरा. या यादीत शिरायचं तर आधी 'काम' व्हावं लागतं. खड्डा काम होतो, गटार होतं, बाकडं होतं. चौकातली स्वागतकमान तर सगळ्यांचं आवडतं काम. पण दीडशे वर्षांपूर्वीची कालव्याची दगडी भिंत आपण होऊन काम होत नाही. तिच्यासाठी कुणीतरी अर्ज करावा लागतो, कुणीतरी तिची मोजमापं टाकून अंदाजपत्रक करावं लागतं आणि बैठकीत कुणीतरी तिचं नाव घ्यावं लागतं. या तीनपैकी एकही माणूस पुढे आला नाही, तर समितीच्या लेखी ती भिंत नाहीच.

स्थानिक वारशाला पैसे मिळत नाहीत, ही तक्रार जुनीच आहे आणि ती अर्धीच खरी आहे. पैसे मिळतात. कधी कधी तर खर्च कसा करायचा असा प्रश्न पडावा इतके मिळतात. गडबड वेगळीच आहे. आपल्याकडच्या समित्या वारशाचं मोल ठरवत नाहीत, त्या समोर आलेल्या अर्जांतून निवड करतात. आणि ज्याला अर्जदार नाही असा वारसा निवडीच्या टेबलापर्यंतच पोचत नाही. पुण्यात हे नीट पाहायचं तर शनिवारवाड्याकडे जाण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी केंद्राचं पुरातत्त्व खातं आहे, पहारेकरी आहेत, तिकीटखिडकी आहे. त्यापेक्षा वारज्याला जावं.

वारज्यात कसला आलाय वारसा, असं वारजेकरही म्हणतील. मुंबई-बंगळूर महामार्गाचा पूल, त्याखालची कोंडी, माळवाडी, गणपती माथा, पॉप्युलरनगर, एनडीए रस्त्यावरची दुकानं आणि मागे गृहसंकुलांच्या रांगा, असा हा भाग. १९९७ मध्ये पुण्याभोवतीची गावं महापालिकेत आली, त्यात वारजेही आलं. गावठाण शहराच्या पोटात गेलं, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि पेठांमधला पुणेकर ज्याला 'ऐतिहासिक' म्हणतो, त्यातलं काही इथे आहे असं कुणाला वाटेनासं झालं.

आता जरा पाण्याच्या बाजूने पाहू. वारजे मुठेच्या डाव्या काठावर, खडकवासल्याच्या खालच्या अंगाला आहे. खडकवासल्याचं दगडी धरण १८७० च्या दशकात उभं राहिलं. कॅप्टन फाइफ या इंग्रज अभियंत्याने त्याची आखणी केली आणि म्हणूनच जलाशयाला 'लेक फाइफ' असं नाव पडलं. भारतातल्या सुरुवातीच्या मोठ्या दगडी धरणांपैकी हे एक. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले, ते पहिल्यांदा बसवले ते १९०३ मध्ये याच जलाशयावर. या धरणातून दोन कालवे निघाले. उजवा हडपसरमार्गे दौंडकडे गेला आणि आजही वाहतो. डावा कालवा शिवणे, वारजे, हिंगणे, कोथरूड या काठाने पुढे गेला. तो केव्हाच बंद पडला आणि कर्वेनगरात त्याच्या आखणीवर आता 'कॅनॉल रोड' आहे. रोज हजारो दुचाकी त्यावरून जातात. खाली काय होतं हे रस्त्याच्या नावातच लिहिलेलं आहे, पण तिथे एक साधा फलकही लावावा असं कोणत्याच यादीला वाटलं नाही.

याच काठाची दुसरी आठवण १२ जुलै १९६१ ची आहे. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि लोंढा पुण्याच्या पेठांत शिरला. पेठांच्या हाहाकाराबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. पण ते पाणी लकडी पुलापर्यंत पोचण्याआधी शिवणे, वारजे, हिंगणे या गावांच्या कडेनेच गेलं होतं. त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं हे बोट दाखवून सांगू शकणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. पूररेषेचे नकाशे अभियंत्यांकडे असतात. गावाच्या आठवणीतली पूररेषा मात्र कुणी कागदावर उतरवून घ्यायला हवी, आणि ते काम थांबून राहणारं नाही.

शेजारच्या कर्वेनगरात, म्हणजे जुन्या हिंगणे बुद्रुकमध्ये, महर्षी कर्व्यांची झोपडी आहे. पुण्यात प्लेगचा धुमाकूळ चालू असताना रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी आश्रमासाठी इथली सहा एकर जागा दिली, आणि झोपडी बांधायला ७५० रुपये. १९०० मध्ये अनाथ बालिकाश्रम इथे आला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून कर्वे पायी हिंगण्याला येत. पुढे १९१६ चं महिला विद्यापीठ आणि १९५८ चं भारतरत्न यांची सुरुवात त्या मातीच्या खोपटात आहे. कर्व्यांची संस्था समर्थ असल्यामुळे झोपडी जपली गेली. समजा संस्था नसती आणि ही झोपडी एखाद्या सोसायटीच्या कोपऱ्यात उभी असती, तर? तिची उंची, तिचं बांधकाम, तिचा आकार यांतलं काहीही कुठल्याही समितीच्या निकषात बसलं नसतं. गोखल्यांनी ७५० रुपये देताना कुणाकडे अंदाजपत्रक मागितलं नव्हतं, हेही जाता जाता नोंदवायला हरकत नाही.

तर पैसे देणारं कोण?

सगळ्यात जवळची म्हणजे प्रभाग समिती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ नुसार ती बनते. त्या भागातले नगरसेवक आणि क्षेत्रीय अधिकारी तिच्यात असतात, आणि परिसरात समाजकार्य करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांतून तीनपर्यंत सदस्य नेमण्याची सोय कायद्यात आहे. नगरसेवकांचा स्वतःचा निधी असतो, त्याला पुण्यात 'स यादी' म्हणतात. शिवाय २००६-०७ पासून पुणे महापालिका नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. त्यात एका कामाला ५ लाख रुपयांची मर्यादा राहिली आहे. देशात असा प्रयोग फार थोड्या शहरांनी केला आहे आणि त्याबद्दल पुण्याचं कौतुकच करायला हवं. पण मागणीचा अर्ज पाहिला की पदपथ, दिवे, बाकडी, बसथांबा, फलक असंच काहीतरी मनात येतं आणि लोकही तेच लिहितात. जुन्या विहिरीची मोजणी करा, गावठाणातल्या वृद्धांच्या आठवणी नोंदवा, असं लिहिता येतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. येईल तरी कसं? तसं काम पूर्वी कधी मंजूर झालेलं कुणी पाहिलेलं नसतं.

महापालिकेचा हेरिटेज कक्ष आणि वारसा संवर्धन समिती हा दुसरा दरवाजा. शहराच्या वारसा यादीत सुमारे अडीचशे वास्तू आहेत, श्रेणी एक, दोन, तीन अशा विभागलेल्या. बहुतेक पेठांमधल्या आणि नदीकाठच्या. १८०७ च्या सुमाराचा विश्रामबागवाडा महापालिकेने स्वतः दुरुस्त केला, नानावाड्यातही काम केलं. तिथे मालक महापालिकाच होती. खासगी वाड्याच्या मालकाला मात्र ही समिती प्रामुख्याने काय करू नये ते सांगते. परवानगी अडवण्याचा अधिकार तिच्याकडे आहे, दुरुस्तीला हात देण्याइतके पैसे नाहीत. फार तर विकास हक्क हस्तांतराची आशा दाखवता येते. १९९५ मध्ये देशातले पहिले वारसा नियम मुंबईने केले, तिथेही ही तऱ्हा जन्मापासूनच आहे. फरक इतकाच की मुंबईच्या फोर्टमध्ये वारशाच्या शेजारी बड्या कंपन्यांची कार्यालयं आहेत. राजाबाई टॉवरची दुरुस्ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या सुमारे ४ कोटींतून २०१५ मध्ये पुरी झाली. काळा घोडा महोत्सवाच्या मंडळींनी उत्सवातून पैसा उभा करून त्या परिसरातल्या जुन्या वास्तू उजळल्या. वारज्यातल्या बंद कालव्याच्या शेजारी गॅरेज आहेत आणि भाजीच्या गाड्या.

तिसरा दरवाजा सर्वांत मोठा, जिल्हा नियोजन समितीचा. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. घटनेच्या कलम २४३ झेडडीनुसार समितीचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि शहरांच्या संस्थांमधल्या निवडून आलेल्यांमधून यायला हवेत. गेल्या काही वर्षांत राज्याने जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्क्यांपर्यंतचा निधी गडकिल्ले, मंदिरं आणि महत्त्वाची संरक्षित स्मारकं यांच्या जतनासाठी वापरायची मुभा दिली. निर्णय चांगलाच आहे. पुण्यासारख्या जिल्ह्याच्या आराखड्यातले ३ टक्के म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे. पण शीर्षकातच वाट ठरून जाते : किल्ला, देऊळ, संरक्षित स्मारक. कालवा यातलं काहीच नाही. गावठाणातली चावडी, जुना घाट, पूररेषेची आठवण, यांपैकी कशालाच या शीर्षकाखाली जागा सापडत नाही. 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जाही हीच समिती देते आणि तिथे भाविकांचा आकडा लागतो. देवाला भाविक असतात, ट्रस्ट असतो, यात्रा समिती असते, म्हणजे अर्जदार तयारच असतो.

आणि मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिका आणि जिल्हा परिषद दोन्हींची मुदत संपल्यावर तर काही वर्षं प्रशासकांचाच कारभार होता. प्रभाग समितीत नगरसेवक नाहीत, नियोजन समितीत निवडून आलेले सदस्य नाहीत. निर्णय मंत्री, आमदार-खासदार आणि अधिकारी यांच्यात होत राहिले. वारज्यातल्या माणसाला आपल्या भागातल्या जुन्या गोष्टीबद्दल बोलायचं असेल, तर ज्याच्या दारात जाऊन बसावं असा माणूसच व्यवस्थेतून गायब झाला होता.

अर्ज झाला, नाव यादीत आलं, तरी पुढची गोष्ट वाचण्यासारखी असते. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश या पायऱ्या चढेपर्यंत दिवाळी उलटते. निधी ३१ मार्चपर्यंत खर्ची पडला पाहिजे, नाहीतर परत जातो किंवा पुनर्विनियोजनात दुसरीकडे वळतो. मग जानेवारीत काम सुरू होतं. आता जुन्या दगडी बांधकामाची दुरुस्ती म्हणजे काय हे पाहावं. चुना आधी काही आठवडे भिजत ठेवावा लागतो. मग तो वाळू किंवा विटकरीच्या भुकटीबरोबर घाण्यात मळतात, त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर जातो. दरजा आधी हलक्या हाताने मोकळ्या करायच्या, मुळं काढायची, दगड ओला करायचा, मग चुना भरायचा. भरल्यावर दिवसचे दिवस गोणपाट टाकून पाणी मारत राहायचं, कारण तो सिमेंटसारखा रात्रीत घट्ट होत नाही. उन्हाच्या तडाख्यात घाई केली की तडे जातात. हे जाणणारे गवंडी थोडे आहेत आणि ज्यांना हे जमतं ते वर्षभर किल्ल्यांच्या कामांवर अडकलेले असतात.

अडीच महिन्यांत हे होणार कसं? कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर सार्वजनिक बांधकाम खात्याची जिल्हा दरसूची असते. तिच्यात सिमेंट काँक्रीटचा दर आहे, पेव्हिंग ब्लॉकचा आहे, ग्रॅनाइटचा आहे, विजेच्या खांबाचा आहे. हिरड्याच्या काढ्याचा दर तो कुठून आणणार? बिचारा जे बसवता येतं ते बसवतो. त्यातून वारसा संवर्धन या नावाखाली संरक्षक भिंत, पेव्हिंग ब्लॉक, हायमास्ट आणि कमान उभी राहते. काळ्या दगडाच्या देवळाला ऑइलपेंट फासला जातो, गाभाऱ्यात टाइल्स बसतात, पुढे स्लॅबचा सभामंडप येतो. दगडाच्या दरजा सिमेंटने बुजवल्या की आत मुरलेलं पाणी बाहेर पडत नाही, ते दगडातूनच वाट काढतं आणि काही पावसाळ्यांत दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो. म्हणजे दुर्लक्षाने जे पन्नास वर्षांत झालं नसतं, ते निधीने दहा वर्षांत होतं. यात कुणाचा भ्रष्टाचार असलाच पाहिजे असं नाही. सगळे प्रामाणिक असले तरी दरसूची आणि ३१ मार्च मिळून हाच निकाल देतात.

वरच्या पातळीवर याची मोठी आवृत्ती दिसते. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात राज्याने प्राचीन मंदिरांच्या जतनासाठी १०१ कोटींची तरतूद जाहीर केली. खिद्रापूरचं कोपेश्वर, सिन्नरचं गोंदेश्वर, मार्कंडा, कार्ल्याची एकवीरा अशी आठ मंदिरं पहिल्या टप्प्यात निवडली. निवड उत्तमच होती. काम सोपवलं ते रस्ते विकास महामंडळाकडे. रस्ते बांधणाऱ्या यंत्रणेला गोंदेश्वराच्या शिखराची जबाबदारी का, याचं उत्तर बहुधा सोपं आहे : मोठा खर्च वेळेत करून दाखवण्याची क्षमता तिच्याकडे आहे. जेजुरीच्या ३४९ कोटींच्या आराखड्यात मात्र एक गोष्ट बरी झाली. गडाबरोबर होळकर तलाव आणि पेशवे तलाव यांचाही विचार झाला, म्हणजे देवाबरोबर पाण्यालाही जागा मिळाली. ११ जुलै २०२५ ला मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात गेले. पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड त्यात आहेत. आता या तिघांकडे पैशाचा ओघ वाढणार हे उघड आहे. वाढावाच. पण ३ टक्क्यांचं ते ताट तेवढंच राहणार आणि पाहुणे मोठे, तेव्हा पंगतीच्या शेवटी बसलेल्यांचं काय, हा प्रश्न आताच विचारलेला बरा.

शेवटी बसलेल्याचं काय होतं याचं सर्वांत कडू उदाहरण बुधवार पेठेत घडलं. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती भिडेवाड्यात. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हावं यावर कुणाचंच दुमत नव्हतं. भाडेकरू, मालकी, भूसंपादन, न्यायालय यांत वर्षानुवर्षं गेली. त्या सगळ्या काळात वाडा ढासळत राहिला, कारण ज्या वास्तूचा ताबा वादात आहे तिच्या डागडुजीला कोणत्याही शीर्षकाखाली पैसा पडत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेचा मार्ग मोकळा केला आणि ४ डिसेंबरच्या रात्री वाडा जमीनदोस्त झाला. आता तिथे नवं स्मारक होईल, त्याला कोट्यवधी मिळतील आणि कुणी त्याबद्दल कुरकुर करणार नाही. ज्या भिंतींत ती शाळा भरली होती, त्या टेकू देऊन उभ्या ठेवायला मात्र कुणाकडे पैसे नव्हते.

प्रादेशिक समितीने पैसे वाटण्याची याहून वेगळी रीत असू शकते का? ब्रिटनमध्ये १९९४ पासून राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा वारशाच्या निधीकडे जातो. (आपल्याकडेही राज्य लॉटरी १९६९ पासून आहे, पण तिचं आणि वारशाचं नातं जुळवावं असं कुणाला सुचलेलं दिसत नाही.) त्या निधीच्या कारभारात लहान रकमांचे अर्ज कर्मचारीच निकाली काढतात, मोठे अर्ज प्रदेशवार नेमलेल्या समित्यांकडे जातात आणि फारच मोठे विश्वस्तांकडे. समितीच्या जागा जाहिरात देऊन भरतात. मोठ्या प्रकल्पाला आधी फक्त अभ्यासासाठी, मोजणीसाठी, आराखड्यासाठी पैसे मिळतात. तो अभ्यास पटला तरच पुढचे. मंजूर झालेले अर्ज प्रसिद्ध होतात, नाकारलेलेही. आणि यातली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट २०१९ ची. आजवर कोणत्या भागांनी फारसे अर्जच केले नाहीत हे त्यांनी पाहिलं, असे तेरा भाग निवडले आणि तिथे आपण होऊन माणसं पाठवली. अर्ज येत नाहीत म्हणजे तिथे वारसा नाही, असं त्यांनी मानलं नाही.

त्याच निधीने २०२० मध्ये कॉट्सवोल्ड भागातल्या एका बंद कालव्याच्या पुनरुज्जीवनाला ८९ लाख पौंड दिले. १७७९ मध्ये सुरू झालेला हा कालवा १९५४ मध्ये सोडून दिला होता आणि पुढे महामार्गाने त्याचे तुकडे केले होते. वारज्याशी साम्य सांगायला नको. अर्थात तिथे १९७२ पासून स्वयंसेवकांची संस्था कालव्यातला गाळ उपसत होती. पैसे अठ्ठेचाळीस वर्षांच्या घामानंतर आले. कालवा हाही वारसा असतो हे मानायला मराठी माणसाला इंग्लंडला जायची गरज नाही. सिंधुदुर्गातल्या धामापूरच्या तलावाला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. मालवण तालुक्यातल्या त्या गावात स्थानिक मंडळी पाठपुरावा करत राहिली म्हणून ते झालं.

यावर वारज्यातल्या कुणाही नगरसेवकाचा सवाल रास्त असेल : लोक पाण्याचा टँकर, महामार्गाच्या सेवा रस्त्यावरची कोंडी, ड्रेनेज याबद्दल दारात भांडायला येतात, आणि तुम्ही मला कोरड्या कालव्यावर पैसे घालायला सांगता? निवडून आलेल्या माणसाने लोकांच्या मागणीमागे जाणं यात गैर काही नाही. तो तसा गेला नाही तरच तक्रार करावी. म्हणून वारशाचा निर्णय नगरसेवकांकडून काढून तज्ज्ञांच्या हाती द्या, ही मागणी इथे नाही. तज्ज्ञांच्या समित्या कशा चालतात हेही पुण्याने पाहिलं आहे. वारजेकरांना न पटणारा वारसा वारज्यावर लादून तो टिकत नसतो.

मागणी त्यापेक्षा बरीच लहान आहे. प्रभाग समितीवर तीन जागा नेमायची सोय कायद्यात आहे, त्यांतली एक अशा माणसाला मिळावी ज्याला त्या भागाची जुनी माहिती आहे : निवृत्त शिक्षक, पाटबंधारे खात्यातला जुना अभियंता, गावठाणातल्या एखाद्या संस्थेची कार्यकर्ती. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने आपल्या हद्दीतल्या पन्नास-शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टींची नोंदवही करावी, मालकी कुणाचीही असो. नियोजन समितीने ३ टक्क्यांतला छोटासा हिस्सा बांधकामासाठी न ठेवता नोंदणी, मोजणी आणि वर्षानुवर्षांच्या देखभालीसाठी ठेवावा आणि चुन्याच्या कामाला दोन आर्थिक वर्षांची मुदत द्यावी. दरसूचीत पारंपरिक साहित्याचे दर घालणं हे तर मंत्रालयातल्या एका परिपत्रकाचं काम आहे. आणि इतिवृत्तात नाकारलेल्या कामापुढे नाकारण्याचं कारण लिहावं. 'निधीअभावी' हा शेरा कारण म्हणून चालणार नाही, कारण त्याच यादीत वर कमान मंजूर झालेली असते.

वारज्यापुरतं बोलायचं तर सुरुवात नागरिकांच्या अंदाजपत्रकातूनच होऊ शकते. शिवण्याच्या हद्दीपासून कर्वेनगरच्या कॅनॉल रोडपर्यंत डाव्या कालव्याचे काय काय अवशेष उरले आहेत, कुठे दगडी बांधकाम आहे, कुठे मोरी, कुठे फक्त आखणी, याची मोजणी आणि छायाचित्रं. त्याच्या जोडीला १९६१ च्या पुराच्या आठवणी सांगणाऱ्यांच्या मुलाखती. एखाद्या स्थापत्य महाविद्यालयाचे विद्यार्थी एका सुट्टीत हे करू शकतात. क्षेत्रीय कार्यालयातून पहिला प्रश्न अर्थातच जागा कुणाची असा येईल. कालव्याची जागा मुळातली जलसंपदा विभागाची, तेव्हा ना हरकत पत्र आणा, असं सांगून फाइल सिंचन भवनाकडे पाठवली जाईल. पण मोजपट्टी लावायला आणि फोटो काढायला कुणाची जागा ताब्यात घ्यावी लागत नाही, हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, तर निदान ती फेरी वाचेल.